दोन संगणकांवरची गाणी एका जागी आणताना : फाइली, तारे आणि दोनदोनदा दिसणारं सगळं

केतकीपान
घरात दोन संगणक. माझा विंडोजचा, त्यावर आयट्यून्स आणि सुमारे ९,८०० गाणी, ६२ जीबी. नवऱ्याचा मॅक मिनी, त्यावर म्युझिक ॲप, १३,००० गाणी, १४० जीबी, कारण त्याला जमेल तिथे लॉसलेस (आवाज जराही न छाटलेली फाइल) लागतं. दोघांची सुरुवात एकाच खोक्यातल्या सीडींपासून झालेली, त्यामुळे बरंच काही दोन्हीकडे आहे. पण मी नावं देवनागरीत लिहिते, तो रोमनमध्ये. शिवाय मी नऊ वर्षं गाण्यांना आवडीप्रमाणे दिलेले तारे, कुठलं गाणं किती वेळा ऐकलं त्याचे आकडे, चाळीसेक याद्या. त्याचंही तसंच.

एक बाहेरची डिस्क घेऊन सगळं तिच्यावर आणायचं ठरलंय. परवा उत्साहाच्या भरात मी नेटवर्कवरून त्याचं फोल्डर उघडलं, सगळं निवडलं आणि माझ्या यादीत ओढून टाकलं. संध्याकाळी पाहते तर २२,८०० गाणी, माझी निम्मी दोनदोनदा, आणि त्याचा मॅक झोपला की त्याचं कुठलंही गाणं लावा, पुढे उद्गारचिन्ह. आदल्या दिवशीची प्रत होती म्हणून मागे फिरता आलं.

रीतसर कसं करायचं हे?

बिनतारी
उद्गारचिन्हाचं सांगतो. गाणी यादीत आली, फाइली आल्याच नाहीत. सेटिंगमध्ये 'यादीत घालताना फाइलची प्रत मीडिया फोल्डरमध्ये करा' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो तुमच्याकडे बंद असणार. मग प्लेअर नुसता पत्ता टिपून ठेवतो. पत्त्यावरचं घर बंद, की उद्गारचिन्ह.

झोपमोड
आजच्या काळात फाइली कोण सांभाळतं? महिन्याचं स्ट्रीमिंग घ्या, दोघांना दोन खाती, विषय संपला.

केतकीपान
@झोपमोड, तेही आहे. पण यातली दीड हजार तरी रेडिओवरून टेप केलेल्या आणि नंतर संगणकात घेतलेल्या कॅसेट आहेत. त्या कुठल्याच स्ट्रीमिंगवर नाहीत.

झोपमोड
मग बरोबर. शब्द मागे. बसून वाचतो.

खटपट्या
ताई, हे काम मी दोनदा केलंय, एकदा चुकीचं आणि एकदा बरं. म्हणून जरा लांब लिहितो.

तुमच्याकडे प्रत्येक संगणकावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक गाण्यांच्या फाइली आणि दुसरी प्लेअरची नोंदवही. गाण्याचं नाव, गायक, अल्बम, साल, मुखपृष्ठाचं चित्र हे सहसा फाइलीच्या आतच, टॅगमध्ये असतं. फाइल उचलली की ते सोबत येतं. पण तारे, किती वेळा ऐकलं, शेवटचं कधी ऐकलं, संग्रहात कधी आलं आणि सगळ्या याद्या हे आयट्यून्स आणि म्युझिक ॲप दोन्ही नोंदवहीत ठेवतात. फाइली कितीही जपून हलवा, हे येणार नाही. परवा त्याच्या सगळ्या गाण्यांवर 'आज आलं' अशी तारीख पडली असेल बघा.

म्हणून आधी दोन्हीकडच्या फाइली आणि दोन्ही नोंदवह्या यांची जशीच्या तशी प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क कपाटात ठेवा. काम चालू असताना तिला हात लावायचा नाही. मग दोन्ही नोंदवह्या एक्सएमएलमध्ये निर्यात करा. २०१९ मध्ये मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकवर आयट्यून्स गेलं आणि म्युझिक ॲप आलं, तिथे ही निर्यात आपण होऊन सांगावी लागते, फाइल मेनूतल्या लायब्ररीखाली आहे. ही साधी मजकुराची फाइल असते. पुढे 'अमुक गाण्याला किती तारे होते' असा प्रश्न पडला की उत्तर तिच्यात सापडतं.

त्यानंतर ठरवा की पाया कोणाच्या नोंदवहीचा. दोन नोंदवह्या मिसळून एक करण्याची सोय यांच्यात नाही. एक राहील आणि दुसरीतली गाणी तिच्यात येतील. मी मोठी ठेवा म्हणेन, म्हणजे यजमानांची. त्यांच्या मॅकवर मीडिया फोल्डरची जागा बदलून नवी डिस्क द्या आणि 'कन्सॉलिडेट' करा. ॲप स्वतःच सगळ्या फाइलींची प्रत तिथे करतं आणि नोंदवहीतले पत्तेही बदलतं, त्यामुळे त्यांचा एकही तारा हलत नाही. हे हाताने, म्हणजे फाइंडरमधून फोल्डर उचलून केलं, तर १३,००० उद्गारचिन्हं मिळतील. माझी पहिली खेप अशीच गेली.

दोन किरकोळ गोष्टी. क्लाऊडशी जुळवणी चालू असेल तर काम संपेपर्यंत दोन्हीकडे बंद ठेवा. आणि २००९ च्या आधी आयट्यून्सवरून विकत घेतलेली काही गाणी कुलूपबंद असतील, त्यांच्या फाइलीच्या नावाला एम४पी शेपूट असतं. ती फक्त अधिकृत केलेल्या संगणकावर वाजतात आणि तशी परवानगी एका वेळी पाचच संगणकांना मिळते. जुना, बंद पडलेला संगणक त्या पाचात अडकलाय का पाहून घ्या.

वाचनवेडी
वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

उलटसुलट
एवढं कशाला? विंडोजवर रोबोकॉपी हे फाइली कॉपी करायचं हत्यार आहे, त्याला मिरर स्विच लावा, एका ओळीत दोन्ही फोल्डर एकसारखी.

खटपट्या
@उलटसुलट, कृपा करून हा सल्ला कोणी तसाच उचलू नका! मिरर म्हणजे 'उजवीकडचं डावीकडच्यासारखं कर', आणि त्यात 'डावीकडे नाही ते उजवीकडून पुसून टाक' हेही आलं. आधी त्याची गाणी डिस्कवर गेली आणि मग तिच्या फोल्डरचं मिरर चालवलं, तर त्याची जी गाणी तिच्याकडे नाहीत ती सगळी गेली. आरसिंक या तशाच हत्याराच्या डिलीट पर्यायाचंही तेच. इथे फक्त भर घालायची आहे, पुसायचं काहीच नाही. दोन्ही हत्यारांना 'काय करशील ते नुसतं सांग, करू नकोस' अशी कोरडी फेरी असते. आधी ती चालवावी.

उलटसुलट
मान्य. मी ते फक्त बॅकअपला वापरतो, लक्षात आलं नाही.

केतकीपान
खटपट्या, फार आभार. प्रती काढून झाल्या, कन्सॉलिडेटही झालं. आता प्रश्न माझ्या ९,८०० चा. यातली साडेचार-पाच हजार त्याच्याकडे आहेतच असा अंदाज. प्रयोग म्हणून थोडी टाकून 'दुहेरी दाखवा' केलं, तर जी दुहेरी नाहीत तीही आली आणि जी आहेत ती आली नाहीत.

तानपुरा
थांबा, काही पुसू नका.

त्या पर्यायात साधं पाहिलं तर फक्त नाव आणि कलाकार जुळतात. आयट्यून्समध्ये मेनू उघडताना शिफ्ट दाबून ठेवली, मॅकवर ऑप्शन, की 'तंतोतंत दुहेरी' असा पर्याय दिसतो, तो अल्बमही पाहतो. पण शास्त्रीय संगीत असेल तर दोन्ही घातक. एकाच गायिकेचा यमन माझ्याकडे चार मैफलींतला आहे. गायिका तीच, नाव 'यमन', अल्बमच्या रकान्यात 'रेडिओ' किंवा काहीच नाही. मी एकदा दुहेरी काढून देणारा एक प्रोग्राम रात्रभर लावून झोपले होते. सकाळी ५४ मिनिटांचा यमन शिल्लक होता आणि २२ मिनिटांचा गेला होता. तो त्या प्रोग्रामला 'अपुरी प्रत' वाटला. ती वेगळी मैफल होती, तबलजीसुद्धा वेगळा. परत मिळाली नाही.

निदान कालावधीचा रकाना लावून बघा. दोन-तीन सेकंदांहून जास्त फरक असेल तर ते बहुधा वेगळं ध्वनिमुद्रण आहे.

अर्धविराम
तानपुरांशी पूर्ण सहमत. त्यात थोडी तांत्रिक भर.

'दोन फाइली सारख्या आहेत का' हा प्रश्न तीन पातळ्यांवर विचारता येतो. सगळ्यात कडक म्हणजे चेकसम, फाइलीच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला आकडा. एकही बाइट वेगळा असेल तर उत्तर 'नाही'. तुम्ही एका प्रतीत नाव देवनागरीत लिहिलंत, झालं, चेकसम बदलला, जरी आवाज तोच असला तरी. त्यामुळे तुमच्या घरात हा फारसा कामाचा नाही. अपवाद फ्लॅक या लॉसलेस प्रकाराचा. फ्लॅक फाइलीच्या डोक्यावरच मूळ आवाजाचा एमडी५ हा चेकसम लिहिलेला असतो, टॅगचा त्याच्याशी संबंध नाही. दोन फ्लॅकमधला तो आकडा जुळला तर आवाज बिंदूबिंदूने तोच, डोळे झाकून एक काढा.

एमपी३ आणि एएसी या आवाज छाटणाऱ्या प्रकारांसाठी ध्वनीचा ठसा. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा मोफत प्रोग्राम क्रोमाप्रिंट वापरून असा ठसा काढतो. १२८ केबीपीएसचं एमपी३ आणि लॉसलेस प्रत, दोन्हींचा ठसा जवळपास सारखाच येतो, नाव कुठल्याही लिपीत असो. हेच तुम्हाला हवंय. मात्र तो नेहमीच्या सेटिंगला पहिली १२० सेकंदंच ऐकतो. चार मिनिटांच्या गाण्याला चालतं. तासाभराच्या रागात पहिली दोन मिनिटं म्हणजे तानपुरे जुळताहेत, गायक खाकरतोय! तिथे ठशावर जाऊ नका, तानपुरांचा कालावधीचा रकानाच बरा.

कुठली ठेवायची याबद्दल : लॉसलेस असेल तर ती. नसेल तर नुसता मोठा आकडा पाहू नका. कोणीतरी १२८ च्या एमपी३ वरून ३२० ची बनवलेली असते, फाइल अडीचपट होते आणि गेलेला आवाज काही परत येत नाही.

लॅपटॉपवाला
अवांतर : मी १२८ ची सगळी फ्लॅक करून ठेवली होती एके काळी. डिस्क भरल्यावर शहाणपण सुचलं.

केतकीपान
हसले. घरात एकाने हेच केलंय, नाव घेत नाही.

आता एक विचित्र प्रकार. ठशावरून ठरवून माझ्या फाइली टाकल्या, तर काही अल्बम शेजारीशेजारी दोनदा दिसतात. नाव अक्षरन् अक्षर सारखं, दोन्ही देवनागरीत (यातले काही त्याच्याकडे मीच भरून दिले होते). 'ॲ' असलेली आणि 'दऱ्या', 'वाऱ्या'सारखे शब्द असलेली जास्त. डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही. वेड लागायची पाळी.

अर्धविराम
हा माझा आवडता विषय, त्यामुळे सोसून घ्या.

'ॲ' दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे युनिकोड या संगणकी अक्षरांच्या जागतिक यादीतलं स्वतंत्र अक्षर, ते ५.१ आवृत्तीत आलं. दुसरा म्हणजे 'अ' लिहून वर चंद्र देणं. दिसायला एक, संगणकाला दोन. आणि युनिकोड या दोघांना समान मानतच नाही, त्यामुळे 'सामान्यीकरण करा' असं बटण दाबूनही हे जुळत नाहीत. शोधा आणि बदला, हाच उपाय.

'दऱ्या'मधला ऱ वेगळ्या कारणाने फसवतो. तो एक अक्षर म्हणून लिहिता येतो किंवा 'र' अधिक नुक्ता असा. हे दोन युनिकोडच्या लेखी समान आहेत, पण विंडोज टाइप केलं तसं ठेवतं आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल-पद्धत नावं सुटी करून ठेवायची. एका संगणकावरून दुसऱ्यावर गेलेल्या फोल्डरांची अशी जुळी होतात. शिवाय काही कीबोर्ड 'र्‍य' लिहिताना र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतात, म्हणजे तिसरा प्रकार. नुक्तावाल्या ज़, फ़ या अक्षरांचंही असंच, गझला असतील तर तिथेही जुळी निघतील. आणि शेवटी राहिलेली मोकळी जागा, ती तर दिसतच नाही.

एमपी३टॅग या टॅग बदलायच्या प्रोग्राममध्ये सगळी गाणी उघडून अल्बमच्या रकान्यावर क्रम लावा आणि त्या दोन-तीन जोड्या एकाच पद्धतीत बदलून टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

केतकीपान
दहा नाही, चाळीस लागली, पण झालं!! 'ॲ'ला इतकी वर्षं मी दोन कीबोर्डांवरून दोन तऱ्हांनी लिहीत होते.

लगे हाथ : जुन्या काही गाण्यांची नावं नुसती प्रश्नचिन्हं आहेत आणि काहींची डोक्यावर रेघ असलेल्या रोमन ए ची रांग. वाचतील?

अर्धविराम
प्रश्नचिन्हं नाही वाचणार. आयडी३ ही एमपी३मधल्या टॅगची पद्धत, तिचा जुना, पहिल्या आवृत्तीचा टॅग फाइलीच्या शेवटी जेमतेम १२८ बाइटांचा असतो, त्यात नावाला ३० बाइट आणि देवनागरीला जागाच नाही. लिहिताना अक्षर बसलं नाही की प्रश्नचिन्ह पडतं आणि मूळ तिथेच संपतं. ए ची रांग मात्र वाचते. ती धडधाकट यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत लिहायची पद्धत) देवनागरी आहे, कोणीतरी लॅटिन समजून वाचली एवढंच. प्रत्येक देवनागरी अक्षर तिथे तीन बाइटांचं असतं आणि पहिला बाइट नेहमी तोच, म्हणून रांगेत तोच ए पुन्हापुन्हा दिसतो. एमपी३टॅगमध्ये टॅगचं कोडपेज, म्हणजे बाइट कुठल्या पद्धतीने वाचायचे ते, बदलायची क्रिया आहे, ती एका गाण्यावर करून पाहा आणि जमलं तर सगळ्यांवर.

मिनीवाला
नमस्कार. मी तो नवरा. इथे माझ्या फ्लॅकबद्दल बोलणं चाललंय असं कळलं.

मला वेगळंच विचारायचं होतं. गाणी एक झाली, ठीक. पण तारे कोणाचे? मी पाच तारे दिलेली अर्धी गाणी ती पुढे ढकलते. 'सर्वाधिक ऐकलेली' या यादीत आमच्या दोघांचं सरमिसळ झालं तर ती यादी कोणाचीच राहणार नाही. त्यापेक्षा दोन संग्रह होते ते काय वाईट होते, असं आता वाटायला लागलंय.

केतकीपान
हे घरात बोलता आलं असतं.

बिनतारी
अहो, पण मुद्दा त्यांचा खराच आहे. एक करायच्या त्या फाइली. ऐकणारे दोन ते दोनच ठेवा.

आयडी३च्या १९९९ च्या मसुद्यात याची सोय केलेली होती बरं का. ताऱ्यांच्या खणात ईमेल पत्ताही लिहिता येतो, म्हणजे एकाच फाइलीत दोघांचे वेगवेगळे तारे. पण आयट्यून्स तो खण वापरत नाही आणि जे प्लेअर वापरतात तेही बहुतेक आपापल्या पद्धतीने. त्याच्या भरवशावर बसू नका.

सोपं म्हणजे डिस्क मॅक मिनीलाच कायमची जोडून ठेवा आणि तिच्यावरच्या फोल्डरसाठी नॅव्हिड्रोमसारखा घरगुती सर्व्हर, म्हणजे घरातल्या घरात गाणी पुरवणारा प्रोग्राम, चालवा. दोघांना दोन खाती. फाइल एकच, पण तारे, आकडे, याद्या खात्यागणिक वेगळ्या. मिनीवाल्यांना हवं तर ते आपलं म्युझिक ॲप त्याच फोल्डरवर चालू ठेवतील. एकच नोंदवही दोन संगणकांवरून एकाच वेळी उघडायचा मोह मात्र टाळा, ती त्यासाठी बनलेलीच नाही.

केतकीपान
पण मग माझे नऊ वर्षांचे तारे? पाया त्याचा धरला, म्हणजे गेले ते माझेच.

खटपट्या
जात नाहीत, यादीत उतरवून घ्या. तुमच्या जुन्या आयट्यून्समध्ये स्मार्ट यादी (अट घातली की आपोआप भरणारी) करा, 'तारे पाच'. मग चार, मग तीन. एक 'सर्वाधिक ऐकलेली ५००'. प्रत्येक यादी एम३यू८ म्हणून निर्यात करा. एम३यू नको, आठवालीच घ्या, ती यूटीएफ-८ असते, देवनागरी शाबूत राहते. आत फाइलींचे पत्ते असतात, एका ओळीत एक. टेक्स्ट एडिटरमध्ये पत्त्याचा पुढचा भाग बदलून नव्या डिस्कचा करा, उलट्या तिरक्या रेघा सुलट्या करा आणि संग्रहाच्या फोल्डरात ठेवून द्या. नॅव्हिड्रोम अशा याद्या स्वतःच उचलतो. मग यादी उघडून गाण्यांना तारे द्यायचे. किती वेळा ऐकलं तो आकडा नाही येणार, क्रम येईल.

दुहेरीपैकी जिथे त्यांची फाइल ठेवली तिथे तुमची ओळ जुळणार नाही. तेवढं हाताने. आणि कुठे तुमची प्रत सरस असेल आणि फाइलीचा प्रकार एकच असेल, तर तिला त्यांच्या फाइलीचंच नाव देऊन तिच्या जागी ठेवा. नोंदवहीला पत्ता तोच दिसतो, तारे जागच्या जागी राहतात.

केतकीपान
दोन आठवड्यांनी हिशोब द्यायला आले.

२२,८०० ची १८,१५० झाली. काढलेल्या ४,६५० पैकी चार हजारांच्या वर ठशाने सुटली, उरलेली कानाने. रागदारी सगळी हाताने केली, तीन रविवार गेले म्हणायला हरकत नाही (दोनच गेले, पण लांब होते). पाच तारेवाल्या यादीत ६१२ ओळी होत्या, १९० जुळल्या नाहीत. त्या शोधून बसवताना लक्षात आलं की यातली तीसेक गाणी मला आता अजिबात आवडत नाहीत. त्यांना तारे दिले नाहीत.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. डिस्कची फाइल-पद्धत एक्सफॅट ठेवली, दोन्ही संगणकांना लिहिता यावं म्हणून. मॅकने प्रत्येक गाण्याशेजारी टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी चिमुकली फाइल बनवली. मॅकवर ती दिसत नाही, पण विंडोजवर उघडलं की दुप्पट गाणी, निम्मी मुकी. मला वाटलं, पुन्हा सगळं पहिल्यापासून!

खटपट्या
अरेच्चा, हो, ते सांगायचं राहिलं. त्या फाइलींत मॅकची स्वतःची टिपणं असतात, आवाज नसतो. खुशाल पुसा. डिस्क कायम मॅकलाच राहणार असेल तर एक्सफॅटची गरजही नाही, पण आता राहू दे.

मिनीवाला
तिचे पाच तारे आणि माझे पाच तारे, दोन्हींत असलेली गाणी किती ते मोजलं. त्रेचाळीस. त्याची तिसरी यादी केली आहे.

तानपुरा
छान झालं. केतकीपान, रागदारी हाताने केलीत म्हणता, एकाच नावाची किती निघाली?

केतकीपान
नुसत्या 'यमन' अशा नावाची अकरा. एकही सारखा नाही. आता नावापुढे मिनिटं लिहिली आहेत, 'यमन २२', 'यमन ५४' अशी, म्हणजे पुढच्या वेळी कुठल्या प्रोग्रामला अपुरी प्रत वाटायला नको.